एकशे सतरा नंबरची बाटली

१५ सप्टेंबर १९६४ रोजी सकाळी मालवणच्या पाहणी केंद्राच्या खोलीत चारशे सहा बाटल्या होत्या. भिंतीकडच्या मोठ्या कपाटात एकशे अडुसष्ट, खिडकीजवळच्या कपाटात एकशे बावन्न आणि जमिनीवरच्या लाकडी खोक्यांत शहाऐंशी. तीनशे एकाहत्तर बाटल्यांवरचा नंबर वाचता येत होता. बावीस बाटल्यांवरची शाई उडाली होती आणि तेरांवरची चिठ्ठीच गळून पडली होती. एकोणीस बाटल्यांतला द्रव पूर्ण आटला होता. आतला तुकडा सुक्या कोळंबीसारखा काचेला चिकटला होता. चार बाटल्यांत एकाऐवजी दोन तुकडे होते. एक झाकण होतं, त्याची बाटली नव्हती.

या बाटल्यांत माणसांच्या अंगातल्या गाठी होत्या. १९५२ साली मुंबईच्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेनं मालवणच्या किनारपट्टीत हत्तीपायाच्या रोगाची पाहणी केली होती. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले त्यांच्यापैकी काहींच्या जांघेतली गाठ, जागा बधिर करून, काढून घेतली. दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये ती घालून बाटलीचं तोंड मेणानं बंद केलं. पुढे पाहणी बंद पडली, डॉक्टर मुंबईला परत गेले आणि बाटल्या बंदराजवळच्या भाड्याच्या खोलीत राहिल्या.

बारा वर्षांनी संस्थेला त्यांची आठवण झाली. गाठींचे नवे काप काढून अभ्यास करायचा होता. पण त्याआधी नमुने कसे घेतले, कसे ठेवले आणि ज्यांच्या अंगातून घेतले त्यांना काय सांगितलं होतं, याचा अहवाल संस्थेच्या डॉक्टरांना हवा होता. मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच संस्थेत लागले होते. माझे वडील वेंगुर्ल्याचे, त्यामुळे मालवणी मला कळत होती, म्हणून मला पाठवलं.

खोली सांभाळायला दत्ताराम नावाचा शिपाई होता. पन्नाशीचा, पान खाणारा, पाहणीच्या पहिल्या दिवसापासून तिथे असलेला.

"बाटल्यांत द्रव किती भरता?" मी त्याला विचारलं.

"दसऱ्याक भरतंय."

"कधी ते नाही विचारलं. किती?"

"दसऱ्याक कपाटांका झेंडूची माळ घालतंय, डॉक्टरांच्या हत्यारांची पूजा करतंय, आणि जी बाटली सुकलेली दिसता तिका वाईच पाजतंय. किती म्हणान कोण मोजता? बाई, तुमी देवळात तीर्थ मोजून घेतात काय?"

मी अहवालात लिहिलं: 'वर्षातून एकदा, अंदाजाने.'

पुढचे दोन दिवस मी नोंदवहीतली नावं घेऊन जवळच्या वाड्यांत फिरले. एकोणीस माणसं भेटली. सगळ्यांनी एकच सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, गाठ वाईट आहे, काढून टाकतो. ती ठेवणार आहोत असं कोणालाच सांगितलं नव्हतं. एकोणीसही जणांची समजूत अशी की गाठी त्याच दिवशी जाळल्या असणार. त्यांचे अंगठे मात्र कागदावर होते, आणि कागद इंग्रजीत होता.

१८ तारखेला मी सर्जेकोटहून होडीनं तळाशीलला गेले आणि वाळूतून चालत तोंडवलीला पोचले. यादीत पुढचं नाव होतं: नमुना ११७, हरिश्चंद्र तांडेल, वय सव्वीस, धंदा खलाशी.

घरापुढच्या खळ्यात एक चौतीस-पस्तीस वर्षांची बाई माडाच्या चुडतांची झापं विणत बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"हरिश्चंद्र तांडेल आहेत का?"

तिचा हात थांबला. "कोण इचारता?"

मी कोण ते सांगितलं.

"ते नाय," ती म्हणाली. "बारा वर्सां झाली. गलबतार गेले ते इले नाय."

ती त्यांची बायको, यशोदा. आवाज ऐकून आतून तिचे सासरे आले. भाई तांडेल, वय सत्तरच्या पुढे. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा डोळा मात्र माझ्या हातातल्या वहीवर. बसायला पाट देऊन त्यांनी सगळं सांगितलं. हरिश्चंद्र हा त्यांचा एकुलता झील. १९५२ च्या दिवाळीनंतर तो मंगळुरी कौलं घेऊन भावनगरला जाणाऱ्या फत्तेमारीवर चढला. फत्तेमारी मुंबई बंदरातून सुटल्याची नोंद होती. त्यापुढे कुठल्याच बंदरात तिची नोंद नव्हती. नऊ माणसं होती. बाकीच्या आठ जणांच्या घरच्यांनी दोन-चार वर्षांत काय ते विधी उरकून घेतले. भाई बारा वर्षं थांबले होते. आता येत्या अवसेला, म्हणजे ५ ऑक्टोबरला, हरिश्चंद्राचा पळसाचा पुतळा करून जाळायचा होता. पळस इथे वाळूत उगवत नाही. तीनशे साठ पानांचे देठ वैभववाडीहून एस.टी.नं मागवले होते.

मी उठायला लागले तेव्हा यशोदेनं विचारलं, "बाई, ती गाठ डॉक्टरांनी तेवाच जाळल्यानी मा?"

"नाही," मी म्हटलं. "आहे. बाटलीत ठेवलेली आहे. मी पाहिलीय."

मला प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर मला माहीत होतं. त्यापलीकडे मी विचार केला नाही.

भाई तांडेल पायरीवर बसले. तिथूनच म्हणाले, "मगे पुतळो जाळूक जमाचा नाय."

"का?"

"ज्याचा कायच गावणा नाय तेचो पुतळो करतत बाय. एक हाड गावला, एक बोट गावला, तर तां जाळूचा लागता. अंग ठेवन पुतळो जाळलो तर तो जातलो खंय? अर्दो हडे, अर्दो थंय?"

"पण ती नुसती गाठ आहे. दीड ग्रॅमची."

"तुमच्या तराजूत दीड. पण तेच्या अंगातली मा?"

यशोदेनं पुन्हा झाप विणायला घेतलं होतं. चार पात्या उलट्या गेल्या. तिनं त्या उसवल्या आणि परत घातल्या.

१९ तारखेला मी मुंबईला डॉक्टरांना पत्र लिहिलं: नमुना ११७ नातेवाइकांना अंत्यविधीसाठी परत देता येईल का? त्याच दिवशी मी अहवालाचं पुढचं काम हाती घेतलं. द्रव किती वेगानं आटतो हे बघण्यासाठी प्रत्येक बाटलीवर काचेवर लिहायच्या पेन्सिलीनं पातळीची रेघ मारायची आणि आठवड्यानं पुन्हा मोजायचं. सकाळी नऊ वाजता मी शंभर ते दीडशे नंबरांवर रेघा मारल्या.

दुपारी तीन वाजता कपाट बंद करताना एक बाटली वेगळी दिसली. तिच्यातला द्रव रेघेच्या वर होता. पट्टीनं मोजलं तर आठ मिलिमीटर. मेण शाबूत होतं. बाटलीचा नंबर ११७.

मला वाटलं, मीच रेघ चुकीची मारली. दुसरी रेघ मारली, वेळ लिहिली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी मी नऊ वाजता गेले. द्रव पहिल्या रेघेवर परत आला होता.

अकराच्या सुमाराला यशोदा आली. हातात छत्री, पदराखाली तांब्याची झाकणाची लोटी. दत्तारामनं तिला दारातच अडवलं. "गो, हयसर औषध गावणा नाय. दवाखानो थंय, रस्त्यापलीकडे."

"औषध नको माका. माझां माणूस हडे आसा."

दत्ताराम बाजूला झाला.

मी ११७ टेबलावर आणून ठेवली. गाठ पावट्याच्या दाण्याएवढी, फिकट पांढरी. यशोदेनं हात लावला नाही. बाटलीसमोर उकिडवी बसून ती बघत राहिली.

"ह्याच काय तां?"

"हो."

"बाई, माका दिया. मी लोटी हाडलंय."

नमुने संस्थेच्या मालकीचे असतात, परवानगीशिवाय देता येत नाहीत, मी पत्र लिहिलंय, असं मी तिला सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं.

"बारा वर्सां मी कुकू लावतंय," ती म्हणाली. "आसत तर लावूक व्हया, नाय तर लावूचा नाय. हळदीकुंकवाक बायो माका बोलवणत नाय, आणि बोलवलां नाय असा दाखवणत पण नाय. माझो भाऊ दोडामार्गाक आसा, तेची काजीची बाग आसा. तो म्हणता, चल, माझ्याकडे रव. पण घोवाचा कार्य झाल्याशिवाय ह्या घराचो उंबरो कसो सोडू? ही अवस चुकली तर परत म्हाळातली अवस वर्सान. आणि भाऊ किती वर्सां वाट बघतलो?"

माझ्या एका वाक्यामुळे तिचं कार्य अडलं होतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

ती उठायला निघाली आणि परत वाकली. "बाई, पाणी चढला."

मी पट्टी लावली. ती आली तेव्हापासून द्रव दोन मिलिमीटर वर गेला होता.

त्या दिवसापासून मी ११७ ची पातळी सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत दर अर्ध्या तासानं लिहू लागले. बाटलीला कागदाची उभी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर वेळांच्या रेघा मारल्या. पहिली शंका तापमानाची. पण खोलीतलं तापमान दिवसभरात दीड अंशापलीकडे बदलत नव्हतं, आणि शेजारी ठेवलेल्या ११६ आणि ११८, ज्या त्याच दिवशी त्याच डॉक्टरांनी भरल्या होत्या, जागच्या हलत नव्हत्या. मी बाटल्यांच्या जागा बदलल्या. मेण खरवडून नवं मेण ओतलं. फरक पडला नाही. पातळी सर्वांत खाली असताना आणि सर्वांत वर असताना बाटली तराजूवर ठेवली. दोन्ही वेळा वजन एकच भरलं, मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे आत काही येत नव्हतं आणि बाहेर काही जात नव्हतं. तरीही द्रव चढत होता आणि उतरत होता.

"बाई," दत्ताराम म्हणाला, "तुमी त्या बाटलीक सकाळी चाय दिल्यात काय? माका दिलात नाय म्हणान इचारतंय."

पण दोन दिवसांनी तोही त्या कपाटाकडे पाठ करून बसेनासा झाला. खोलीत एकटा असला की खुर्ची दारात ओढून घ्यायचा. विचारलं तर म्हणायचा, "वारो बरो लागता."

यशोदा एक दिवसाआड यायची. मागणं एकदाच मागितलं होतं. ते पुन्हा तिनं काढलं नाही. टेबलासमोर तासभर बसायची, होडीची वेळ झाली की उठायची. एकदा मी नोंद करत असताना मला तिचं बोलणं ऐकू आलं. हळू आवाजात ती बाटलीला घरातलं सांगत होती. गायीला वासरू झालं, कुंपण पडलं, भाईंच्या डोळ्याला आता कमी दिसतं. मी लेखणी खाली ठेवली. बोलणं संपेपर्यंत पट्टी लावायला गेले नाही. वहीत त्या अर्ध्या तासाची जागा कोरी आहे.

२५ तारखेला डॉक्टरांचं उत्तर आलं. नमुने संस्थेच्या मालकीचे आहेत. नातेवाइकांना परत देण्याची नियमात तरतूद नाही. आपण अहवालावर लक्ष केंद्रित करावे. मी ते पत्र यशोदेला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "तेंका कोणी आसा काय?" डॉक्टरांना कुटुंब आहे का, असं ती विचारत होती.

२८ तारखेला, सोमवारी, सकाळी दहा वाजता भाई तांडेल स्वतः आले. होडीतून उतरून चालत आल्यानं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं. बाहेर सुकती, म्हणजे ओहोटी, होती. बंदरातल्या होड्या चिखलात कलल्या होत्या.

"सून सांगता, बाटलीत पाणी चढता. माका दाखव."

मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चांगल्या डोळ्याजवळ धरली. आतल्या गाठीकडे एकदा पाहिलं, मग परत पाहिलं नाही. कागदाच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ह्यो रेघो कसल्यो?"

"कुठल्या वेळी पाणी कुठे होतं त्याच्या."

"वाच."

मी वाचत गेले. १९ तारखेला दुपारी तीनला वर. २० ला सर्वांत वर, साडेतीन. २१ ला साडेचार. पहिल्या दिवसांत चढउतार नऊ मिलिमीटर, पुढे कमी कमी होत आता चार. आज अजून चढतंय. भाई डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी हातानं थांबवलं.

"ही भरती गो," ते म्हणाले. "पुनवेक मोठी, अष्टमीक ल्हान. दिसाक पाऊण तास फुडे. इतकी शिकलंस आणि तुका समाजला नाय?"

मला खरंच समजलं नव्हतं. मी पाण्याच्या काठावर बसून नऊ दिवस ते मोजत होते. पण एक अडचण होती, आणि ती मी त्यांना सांगितली. "बाहेर आता सुकती आहे. भरती असती तर बाटलीतलं पाणी आता खाली हवं. ते तर वर चाललंय."

"मी खंय सांगलंय ही मालवणची म्हणान?"

त्यांनी बोटं मोजली. मालवणला भरती कधी, त्यानंतर किती वेळानं मुंबईला, किती वेळानं डहाणूला. एकेक बंदराचं नाव घेत ते आखाताकडे गेले. चाळीस वर्षं त्या वाटेनं त्यांनी गलबतं नेली होती. एका ठिकाणी बोट थांबलं. ते तिथेच राहिलं.

"घोघो," ते म्हणाले. "भावनगराच्या अलीकडे. पिरमचा बेट आसा थंय. पाणी घोड्यासारख्या येता. नांगर धरना नाय." बाटली त्यांनी टेबलावर अगदी हळू ठेवली. "म्हणजे माझो झील पोचलो होतो. इतको पोचलो होतो."

ते गेल्यावर मी बंदर कचेरीतून भरती-ओहोटीचं कोष्टक मागून आणलं. माझ्या दहा नोंदींची सरासरी काढली. बाटलीतली भरती मालवणच्या भरतीनंतर पाच तास अठरा मिनिटांनी येत होती. कोष्टकात मालवण आणि भावनगर यांच्यातलं अंतर पाच तास वीस मिनिटं होतं.

२९ ला मी डॉक्टरांना तार केली. भरतीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्यांनी मलाच परत बोलावलं असतं. जे मोजलं होतं तेवढंच कळवलं: नमुना ११७, मेण शाबूत, द्रवाची पातळी रोज नऊ ते चार मिलिमीटर बदलते, कारण समजले नाही, नमुना विश्वासार्ह वाटत नाही.

२ ऑक्टोबरची सुट्टी संपून ३ ला उत्तर आलं. नमुना निकामी धरावा. नियमाप्रमाणे आपल्या समक्ष जाळून नष्ट करावा. नाश-पत्रक भरून पाठवावे.

नाश-पत्रक म्हणजे एक छापील कागद. त्यावर चार रकाने: नमुन्याचा क्रमांक, जाळण्यापूर्वीचं वजन, जाळण्याची जागा आणि रीत, जाळल्यानंतर उरलेल्या अवशेषाचं वजन. कुठे जाळावं, कशाबरोबर जाळावं याबद्दल नियम काहीच म्हणत नव्हता. मी तो तीनदा वाचला.

५ तारखेला पहाटे बाटली मांडीवर धरून मी दत्तारामबरोबर तोंडवलीला गेले. तराजूची पेटी त्यानं डोक्यावर घेतली होती.

"उरलेला वजन करूक ह्यो तराजू कित्याक, बाई? राख तर फुंकल्यान उडतली."

"रकाना आहे, भरायला हवा. लाकडाची राख चाळून टाकायची आणि खाली काय राहतं ते बघायचं. काही राहणार नाही. गाठीत हाड नसतं."

स्मशान सुरूच्या बनापलीकडे, वाळूत होतं. भटजींनी मला बघून आक्षेप घेतला. बाईमाणसानं इथे यायचं नाही. भाई म्हणाले, "ती बायलमाणूस न्हय, ती हापिस." भटजी पुटपुटत बाजूला झाले.

दर्भावर पुतळा मांडला होता. नारळाचं डोकं, पळसाच्या देठांचे हातपाय, पिठानं लिंपलेलं अंग, वर नवं धोतर. देठ मी मोजले होते, तीनशे साठच होते. मी मेण फोडलं, गाठ चिमट्यानं काढली, पाण्यात धुतली, टिपकागदावर टिपली आणि पेटीच्या आडोशाला वजन केली. मग भाईंच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी ती पुतळ्याच्या उजव्या जांघेत ठेवली, जिथून बारा वर्षांपूर्वी काढली होती तिथे, आणि अग्नी दिला.

देठांचा पुतळा अर्ध्या तासात संपायला हवा होता. लाकडंही भटजींनी बेतानंच रचली होती. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी अग्नी दिला, आणि दुपारी बारा वाजले तरी चिता जळत होती. दहाच्या सुमाराला वारा फिरला. त्याबरोबर जो वास आला तो पळसाचा नव्हता, नारळाचाही नव्हता. दत्ताराम उपरणं नाकाला लावून पाण्याच्या काठापर्यंत गेला. भटजींचे मंत्र मध्येच थांबले. त्यांनी भाईंकडे पाहिलं, भाईंनी आगीकडे. मग मंत्र पुन्हा सुरू झाले, पहिल्यापेक्षा घाईनं.

बनाच्या कडेला यशोदा उभी होती. तिला तिथे यायची मुभा नव्हती. ती पुढे आली नाही आणि मागेही गेली नाही.

तिसऱ्या दिवशी, ७ तारखेला, भाई, दत्ताराम आणि मी राख गोळा करायला गेलो. मी चाळण धरली, दत्तारामनं फावड्यानं राख घातली. पहिल्या फावड्याला चाळणीत आवाज झाला. दत्तारामनं फावडं खाली ठेवलं. ते भाईंनी उचललं.

उरलेली राख भाईंनी एकट्यानं चाळणीत घातली. कोळसे मी एकेक करून वेचून टाकले.

वाऱ्यात तराजू स्थिर राहत नव्हता, म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या ठेवायच्या मांगरात पेटी उघडली. केळीच्या पानावर भाईंनी चाळणीतली सगळी हाडं धुऊन मांडली, पायांकडून डोक्याकडे, जसं मांडतात तसं. पान पुरलं नाही. दुसरं आणलं.

यशोदा मांगराच्या दारात आली. कपाळ कोरं होतं, हातात बांगड्या नव्हत्या. तिचं सामान बांधून झालं होतं. संध्याकाळी भाऊ न्यायला येणार होता. तिनं पहिल्या पानावरून नजर फिरवली, मग दुसऱ्या पानावरून.

"ते पुरे इले," ती म्हणाली. आणि वाकून, जमिनीला डोकं टेकून, नमस्कार केला.

भाईंनी धोतराला हात पुसले. "मोज बाय. तुका मोजूक व्हया मा? मगे दर्यात सोडूया."

माझ्या तराजूच्या पारड्यात एका वेळी दोनशे ग्रॅमच ठेवता येत होते. बारा वेळा वजन केलं, बेरीज दोनदा पडताळली आणि नाश-पत्रक भरलं.

नमुना क्रमांक ११७. जाळण्यापूर्वीचं वजन: एक पूर्णांक बावन्न शतांश ग्रॅम. जागा आणि रीत: तोंडवली स्मशान, लाकडावर, समक्ष. उरलेल्या अवशेषाचं वजन: दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम.